आई-बाबांना घेऊन हाफ मून बेला तंबूत

भारतातून आई-बाबा आलेत, त्यांना कॅम्पिंगला न्यायचंय, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणता. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बे स्टेट बीच आहे, तिथे तंबू टाकता येतो.

बुकिंग 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया'वर 6 महिने आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. वीकेंडच्या जागा पटापट जातात, म्हणून आधी तारीख धरा, बाकीचं मग. जून ते ऑगस्ट धुकं फार, सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. कानटोप्या तेव्हाही लागतीलच. शेकोटीची लाकडं तिथलीच घ्या. लांबून नेली की झाडांची कीड पसरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुहागरला कसं, गेलं की पाय ओले करायचे! इथलं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं. आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप वर येते, माणसाला ओढून नेते. तिला स्नीकर वेव्ह म्हणतात. त्यामुळे खुर्च्या कोरड्या वाळूत, पार वर मांडा. समुद्राकडे पाठ करून फोटो नको. हे आई-बाबांना गाडीतच सांगा; किनाऱ्यावर पोचल्यावर कोणी ऐकत नाही!