डोंगलपासून टोकनपर्यंत



मराठवाड्यातल्या डीटीपी केंद्रांत एके काळी संगणकापेक्षाही जपली जाणारी वस्तू म्हणजे त्याच्या मागे खोचलेले बोटभर डोंगल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ हे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर त्याच्या भरवशावर चाले. ऑपरेटर त्याला सरळ ‘लॉक’ म्हणत. लॉक हरवले की लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या पत्रकांपर्यंत सगळे काम अडायचे. पण त्याची एक चांगली बाजूही होती. हक्क ग्राहकाच्या हातात होता. संगणक बदलला किंवा धंदा पुतण्याकडे गेला, तरी लॉक काढून दुसरीकडे लावता येई.

पुढे मोंढ्यातल्या अडत दुकानांत टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आले. सिल्व्हर परवाना एका संगणकासाठी, गोल्ड अनेकांसाठी. संगणक बदलायचा तर जुन्यावरचा परवाना ‘सरेंडर’ करायचा आणि नव्यावर चालू करायचा. हक्काची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर गेली ती अशी. आता तर वर्गणीचा जमाना आहे. पैसे थांबले की सुविधा बंद, खाते दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोय सहसा नाही, आणि कंपनीने गाशा गुंडाळला तर दाद मागायला दारच उरत नाही.

ब्लॉकचेनवरचे, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीतले, टोकन नेमक्या या जागी उपयोगी पडू शकते. इथेरियम या ब्लॉकचेनवर एकसारख्या टोकनांसाठी ईआरसी-२० ही पद्धत २०१५ मध्ये मांडली गेली, आणि प्रत्येक टोकन वेगळे ओळखता यावे म्हणून २०१८ मध्ये ईआरसी-७२१ आली. ॲप उघडताना ग्राहक आपल्या वॉलेटमधून, म्हणजे टोकनाची किल्ली सांभाळणाऱ्या ॲपमधून, डिजिटल सही करतो. त्या वॉलेटच्या पत्त्यावर या सॉफ्टवेअरचे टोकन आहे का, हे ॲप ब्लॉकचेनच्या साखळीवरच्या नोंदीत पाहते आणि असेल तर ती सुविधा खुली करते. साध्या टोकनावर बिलिंग आणि वरच्या टोकनावर साठ्याचा हिशेब, अशी वाटणीही करता येते. २०२२ मधल्या ईआरसी-४९०७ ने आणखी एक सोय केली: टोकनाचा मालक एक आणि ठरलेल्या मुदतीपुरता वापरकर्ता दुसरा. मुदत संपली की वापरकर्त्याचा हक्क आपोआप संपतो, मालकाचा राहतो. २०१८ मध्ये सुरू झालेला अनलॉक प्रोटोकॉल हा प्रकल्प सदस्यत्वासाठी अशीच मुदतीची टोकने वापरतो.

हे सगळे परदेशातच घडते असे कोणी मानू नये. पॉलिगॉन हे जगभर वापरले जाणारे ब्लॉकचेन जाळे २०१७ मध्ये भारतीय तरुणांनी मॅटिक या नावाने सुरू केले. त्याच्या चाचणीच्या जाळ्याचे नाव २०२४ पर्यंत ‘मुंबई’ होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागाने २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद याच पॉलिगॉनवर करण्याचे काम हाती घेतले. कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन करून प्रमाणपत्र खरे की बनावट हे कोणालाही तपासता यावे, हा त्यामागचा हेतू. 

सॉफ्टवेअरच्या हक्काला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र गोदामात सापडते. सोयाबीन काढणीला आले की लातूरच्या बाजारात आवक वाढते आणि भाव पडतो. माल ठेवायची ऐपत असलेला शेतकरी तो वखारीत ठेवतो आणि पावतीवर कर्ज उचलतो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. या धंद्यातली जुनी भीती म्हणजे एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज, किंवा मालच नसताना पावती. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने २०२० मध्ये ‘व्हर्ल’ या कंपनीच्या मदतीने वखार पावतीवरचे तारण कर्ज ब्लॉकचेनवर आणले. पावती एकदा बँकेकडे गहाण पडली की तशी नोंद होते आणि तीच पावती दुसरीकडे चालत नाही. इथे महामंडळ, बँक आणि शेतकरी असे तीन पक्ष आहेत, आणि एकाच्या वहीवर बाकीच्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी स्थिती नाही. म्हणून सामायिक नोंदीला अर्थ आहे. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक वखार पावती हेच काम नियामकाच्या देखरेखीखालच्या मध्यवर्ती नोंदीवर करते, तिला ब्लॉकचेन लागत नाही, हे तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे.

यातून धंद्यासाठी एक कसोटी निघते. एकच कंपनी, तिचाच सर्व्हर, तिचेच ॲप, आणि हक्क दुसऱ्याला द्यायची मुभा नाही: अशा ठिकाणी टोकन म्हणजे विनाकारण खर्च. तिथे डिजिटल सहीची परवाना फाइल पुरते, आणि ती वीज-नेटवर्कच्या लपंडावातही चालते. टोकन सॉफ्टवेअरची चोरी थांबवते हाही गैरसमज आहे. तपासणीच काढून टाकलेले फोडलेले सॉफ्टवेअर साखळीला काही विचारतच नाही. आणि दार शेवटी ॲपच उघडते. कंपनीने ॲप बदलले तर ग्राहकाच्या वॉलेटमधले टोकन नुसता पुरावा म्हणून उरते. म्हणून टोकनाबरोबर लेखी करार लागतोच.

हक्क हस्तांतरित व्हायला हवा, तिथे मात्र चित्र पालटते. लातूरला नीट आणि जेईईच्या तयारीसाठी गावोगावची मुले येतात. परीक्षा झाली की पुस्तके आणि नोट्स धाकट्या भावाला किंवा पुढच्या बॅचला देता येतात, अर्ध्या किमतीला विकताही येतात. अशाच मुलाच्या बापाने तेवढेच कष्टाचे पैसे भरून घेतलेली चाचणी-मालिका मात्र मोबाइलमध्ये मुदत संपून मरते. युरोपियन न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी युजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात, कायमस्वरूपी विकलेला सॉफ्टवेअर परवाना पहिल्या ग्राहकाला पुढे विकता येतो, असा निर्णय दिला. विकणाऱ्याने आपली प्रत निकामी करायची, एवढी अट. एका हातातून गेल्याशिवाय दुसऱ्या हातात न येणारे टोकन ही अट पाळायला मदत करते. शिकवणीवाल्यांनी प्रत्येक हस्तांतरावर थोडे शुल्क घ्यावे, त्याला कोणाची हरकत नसावी. गरीब घरातल्या दुसऱ्या मुलाला ती मालिका मिळाली पाहिजे, हे महत्त्वाचे.

करासाठी जाणकाराला विचारूनच पाऊल टाकावे. १ एप्रिल २०२२ पासून टोकनांसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस लागू झाला. ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने गिफ्ट कार्ड, रिवॉर्ड पॉइंट आणि संकेतस्थळ किंवा ॲपची वर्गणी यांना त्या व्याख्येतून वगळले. पण वर्गणीचे टोकन बाजारात वर-खाली होणाऱ्या भावाने विकले जाऊ लागले, तर ते वर्गणीच राहील असे धरून चालू नये. दुसरे, साखळीवर नाव, मोबाइल नंबर किंवा गुण कधीही लिहू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे आणि साखळीवरचे पुसता येत नाही. फोन हरवला की वॉलेटची किल्लीही जाऊ शकते, हे तर रोजचे संकट. ती परत मिळवण्याची सोय मराठीतून आणि एका फोनवर होत नसेल, तर असे सॉफ्टवेअर मोंढ्यात विकू नये.

नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, लातूर उपकेंद्रासह, हे करून पाहणारे हात आहेत. त्यांनी लातूरची एखादी शिकवणी आणि तिची एकच चाचणी-मालिका घ्यावी. सहसा मे महिन्यात नीट होते, जूनमध्ये नवी बॅच बसते. त्या चार-सहा आठवड्यांत मोठ्याचा हक्क धाकट्याकडे जाऊ शकतो का, किती मुलांची किल्ली हरवते, हस्तांतराला किती पैसे पडतात, हे मोजावे आणि आकडे संगणक व्यावसायिकांच्या पुढच्या मेळाव्यात सर्वांसमोर ठेवावेत.