अर्ध्या वाटीचं गणित

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. आयोजकांची परवानगी घेऊन तो बदलते आहे. सकाळपासून संधींबद्दल कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘एवढी बारीक कशी झालीस?’ आणि तिघांनी बाजूला घेऊन विचारलं, कारण त्यांना किंवा त्यांच्या घरात कुणाला तरी डॉक्टरांनी तीच शस्त्रक्रिया सुचवली आहे. म्हणून उघडच बोलते.

दोन वर्षांपूर्वी माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. 2017 साली मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर ती झाली, तेव्हा पेपरांत रोज बातम्या असायच्या. त्यामुळे पाचशे किलोच्या माणसालाच ती लागते, असा अनेकांचा समज झाला. तसं नाही. वजनाबरोबर मधुमेह असेल तर माझ्यासारख्या, वीस वर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या बाईवरही ती होते. माझी ‘स्लीव्ह’ पद्धतीची. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते.

शस्त्रक्रियेची भीती सगळ्यांना वाटते, पण खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. सुरुवातीला एका वेळी अर्धी वाटी जाते. आणि डॉक्टर सांगतात, दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. नाही गेली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, थकवा येतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस तसेही गळतात, प्रथिनं कमी पडली तर जास्तच. आता हिशेब करा. एका अंड्यात 6 ग्रॅम. नागलीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 7 ग्रॅम. नागलीत कॅल्शियम भरपूर, पण प्रथिनं बेताची. अर्धी वाटी आंबील प्यायली तर एक ग्रॅमही धड भरत नाही.

म्हणून प्रथिनांची पावडर. दुकानात चॉकलेटची, व्हॅनिलाची मिळते. ती गोड पावडर दिवसातून तीनदा पिऊन बघा, आठवड्यात वास नकोसा होतो. पण माझी अडचण वेगळीच होती. मी बरी होण्यासाठी मोखाड्याला आले आणि आईने डबा बघून विचारलं, “म्हणजे आता तू माझ्या हातचं खाणार नाहीस का गं?” त्या प्रश्नाला उत्तर म्हणून बिनचवीची पावडर आली. आंबील आईचीच, आमटी आईचीच, माझ्या वाटीत फक्त दोन चमचे जास्तीचं. घरात दुसरा स्वयंपाक नाही, पंगतीत वेगळं ताट नाही.

आता कृती, कारण विचारणाऱ्यांना तीच हवी आहे. ही पावडर दुधाच्या निवळीपासून करतात. पनीर केल्यावर जे पाणी उरतं ना, त्यातली प्रथिनं वेगळी काढून वाळवलेली. त्यामुळे ती उकळत्या पदार्थात टाकली की फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. उष्णतेने प्रथिनं वाया जातात असं नव्हे, घशाखाली उतरत नाहीत एवढंच. म्हणून आधी थोड्या गार पाण्यात किंवा ताकात कालवायची. आंबील चुलीवरून उतरवून, बोट बुडवता येईल इतकी निवली की मग हे कालवण त्यात ढवळायचं आणि लगेच प्यायचं. ठेवलं तर घट्ट होतं. 15 ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे, घातली की त्याच अर्ध्या वाटीत 12 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. चमच्यावर विसंबू नका, छोटा वजनकाटा घ्या.

‘बिनचवीची’ हे नाव तसं खोटंच. दूध पावडरीचा हलका वास असतो. जिरं, लसूण, मीठ तो झाकतात, म्हणून जिरं घातलेलं ताक सर्वांत सोपं. उडदाच्या आमटीत, पिठल्यात वाढल्यानंतर, वाटीतच. नागलीच्या भाकरीत घालू नका, उकडीच्या पाण्यानेच तिचा विचका होतो. त्यापेक्षा ताकात भिजवलेल्या पिठाची धिरडी, मंद आचेवर. आणि पावडर म्हणजे जेवण नव्हे. निम्मी प्रथिनं अंडी, दही, डाळी आणि आपल्या आठवडे बाजारातल्या सुकटीतूनच येऊ द्यावीत. सुकट नीट मऊ शिजवून, महिना-दीड महिन्यानंतर, डॉक्टर हो म्हणाले की.

मोखाड्यात उभं राहून हे बोलताना थोडं अवघडायला होतं, ते लपवत नाही. आपण शाळेत होतो तेव्हा, 1992 च्या सुमारास, शेजारच्या जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी आपला भाग पेपरात आला. आजही अमृत आहार योजनेतून आपल्याकडच्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं जेवण द्यावं लागतं. तिथे मी वजन जास्त झाल्याचं सांगते आहे. पण आहारतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्या दिवशी जे सांगितलं, ते अंगणवाडीच्या ताई लहान मुलांच्या आयांना सांगतात तेच होतं: पोट छोटं आहे, पातळ पेजेने ते नुसतं भरतं, घास तेवढाच ठेवा, त्यात ऐवज वाढवा. तिथे त्या डाळ, तेल, अंडं घालायला सांगतात, मला पावडर. माझ्याकडे ती विकत घ्यायला पैसे आहेत, एवढा मोठा फरक मध्ये आहेच.

ज्यांना करायची आहे त्यांना अजून थोडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडरीला हात लावू नका. दूध पचत नसेल तर ‘आयसोलेट’ प्रकारची घ्या, तिच्यात दुधातली साखर नावापुरती असते. मटारच्या प्रथिनांचीही मिळते. तिला कच्च्या डाळीसारखी चव असते, ती पिठल्यात खपते. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर, आणि रक्ततपासणी ठरल्या वेळी. आणि लग्नाला गेलात की “अगं, एवढंच?” म्हणून आग्रह होणार. त्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही, मी पानावर लिंबू उलटं ठेवते आणि हसते.

डबा माझ्या बॅगेत आहे. जेवणात आज ताक आहे असं आचाऱ्यांकडून कळलं. ज्यांना चव बघायची आहे त्यांनी आपली वाटी घेऊन माझ्या शेजारी बसावं.