ठरलेल्या तारखेचे बाळंतपण



बाळंतिणीच्या पोटावरचे टाके हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. या मंडपात वेदान्त शोभतो, इतिहास शोभतो; बाळंतिणीची खोली ही पडद्याआडची गोष्ट! परंतु २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहावेत. देशातील शेकडा २१.५ प्रसूती पोटावरील शस्त्रक्रियेने, म्हणजे सिझेरियनने, झाल्याचे तीत आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा २५.४ आहे, आणि देशातील खाजगी रुग्णालयांत तर शेकडा ४७.४. इतक्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात की केल्या जातात, हा वाद स्वतंत्र आहे. त्यात आज आम्ही शिरत नाही. आमच्या डोळ्यांपुढे आहे ती दुसरेपणाची बाई. पहिल्या खेपेस शस्त्रक्रिया झालेली, या खेपेस डॉक्टरांनी तारीखच दिलेली, आणि घरात दीड-दोन वर्षांचे मूल.

तारीख मिळाली की पहिली धावपळ होते ती पंचांगाची. नक्षत्र कोणते, रास कोणती, सकाळची वेळ बरी की दुपारची? बाळाची फुप्फुसे पुरती तयार व्हावीत म्हणून, अन्य अडचण नसेल तर, एकोणचाळीस आठवडे भरल्यावरच ही शस्त्रक्रिया करतात. मुहूर्तासाठी ती अलीकडे ओढू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पण आमची तक्रार निराळी आहे. ज्या घरात जन्मवेळेची मिनिटे मोजली जातात, त्याच घरात बाळंतीण परतल्यावर चौथ्या दिवशी दुपारी थोरल्याला न्हाणीतून उचलून कोण आणणार, याचा विचार कोणी केलेला नसतो. एरवी प्रसूतीची घटका आधी कळत नाही. इथे ती कित्येक दिवस आधी कळते. एवढी सवलत हाती असून आपण ती वाया घालवतो.

बाहेरून दिसते ती वीतभर रेघ. तिच्याखाली चरबीचा थर, स्नायूंवरचे चिवट आवरण, उदराचे अस्तर आणि मग गर्भाशय, इतके सारे उघडून पुन्हा मिटवलेले असते. कातडी पंधरा दिवसांत सांधलेली दिसते. आतल्या आवरणाला पूर्वीचे बळ येण्यास कित्येक महिने लागतात. अपेंडिक्स काढलेल्या पुरुषाला आपण आजारी समजतो आणि त्याच्या उशाशी मोसंब्यांची पिशवी नेऊन ठेवतो. ही बाई मात्र आजारी नव्हे, ती बाळंतीण! तिला पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, हे पेढ्यांच्या गडबडीत घर विसरून जाते.

साधारणतः डॉक्टर सांगतात की सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये. नुकते जन्मलेले बाळ अडीच-तीन किलोचे, आणि दोन वर्षांचे मूल अकरा-बारा किलोचे, म्हणजे चौपट. बादली उचलू नको, गादी ओढू नको, हे सासूबाईही बजावतात. पण दोन्ही हात वर करून "आई, घे" म्हणणारे पोर हे ओझे आहे, असे कोणाला वाटत नाही. आईला तर मुळीच वाटत नाही.

तेव्हा तयारी पोराची करावयाची, आणि ती तारखेच्या आधी. आईजवळ निजणाऱ्या मुलाला बापाजवळ किंवा आजीजवळ निजवायचे असेल तर ते महिना-दीड महिना आधी सुरू करावे. बाळ घरी आले त्याच रात्री त्याची जागा हलवली तर ती कोणी घेतली हे त्याला बरोबर कळते. खाटेशी एक बुटके स्टूल ठेवावे आणि त्यावरून चढून आईशेजारी बसण्याची सवय लावावी. आईने उचलायचे नाही, पोराने चढायचे. आणि आई घेत का नाही, याचे कारण त्याला खरे सांगावे. "आईच्या पोटाला बाऊ झाला आहे", हे दोन वर्षांच्या मुलाला समजते. बाऊ बरा होतो हेही त्याला ठाऊक असते. त्याऐवजी "आता बाळ आहे ना, आई तुला नाही घेणार", असे कोणी शेजारीण सहज बोलून जाते आणि त्या मुलाच्या मनात बाळाविषयी अढी बसते. मग तो पुन्हा बाटली मागतो, चड्डीत शू करतो. त्याला रागावू नये. काही दिवसांत ते ओसरते. थोरल्याला महिनाभर मामाकडे धाडून देण्याची युक्ती काही घरांत करतात. ती आम्हांला पसंत नाही. चार-पाच दिवस आई रुग्णालयात होती, तेवढा विरह त्याला पुष्कळ झाला.

आईसाठी काही बारीक गोष्टी. उताणे निजले असता एकदम उठू नये. गुडघे वाकवून कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावे आणि हाताच्या रेट्याने उठावे. खोकताना, शिंकताना आणि हसतानाही पोटाशी उशी धरावी. बाळाला काखेखालून कुशीत घेऊन पाजले म्हणजे त्याचे पाय जखमेवर येत नाहीत, आणि थोरल्याला दुसरी बाजू मोकळी राहते. गोळ्या दुधात उतरतील या भीतीने त्या न घेणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. ती शंका डॉक्टरांनाच विचारावी. स्तनपान चालू असताना चालतील अशी औषधे असतात, आणि दुखण्याने आखडलेल्या बाईला ना चालता येते ना पाजता येते. घरातल्या घरात चालणे मात्र पहिल्या दिवसांपासून हवे, कारण बाळंतपणानंतर पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. मालिश करणाऱ्या बाईंना पोट वगळण्यास स्पष्ट सांगावे. कोंडलेल्या खोलीत शेगडी तर नकोच. निखाऱ्यांच्या विषारी वायूने माय-लेकरे दगावू शकतात.

आपल्या आज्यांचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे यांत फारसे अंतर नाही. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर राहिली, पण त्या प्रथेमागची माणसे गेली. पूर्वी घरात काकू, आत्या, मोठी नणंद असे. थोरले पोर या कडेवरून त्या कडेवर जाई आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. आज दोन खोल्यांच्या घरात बाप सकाळी आठला बाहेर पडतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास, दोनांहून कमी अपत्ये असताना, पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. सर्वच नोकऱ्यांत ती मिळत नाही. ज्यांना मिळते तेही ती पहिल्याच आठवड्यात खर्चून टाकतात, आणि त्या वेळी घर पाहुण्यांनी भरलेले असते! बारसे आटोपून मंडळी पांगली की बाई खरी एकटी पडते. आमच्या मते रजा तेव्हा घ्यावी.

२०१७ च्या दुरुस्तीने स्त्रियांची पगारी प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांपुरती सव्वीस आठवड्यांची झाली. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्यातले काही मिळत नाही. ती बाळंत झाली तर तिच्या थोरल्याला कोण सांभाळते, हे आपण तिला विचारावे. तिचे सहा आठवड्यांचे पैसे न कापणे तर आपल्याच हाती आहे. नवजात बाळाला पाहायला आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात. बाळाबरोबर आपल्या तक्रारीही त्यांना सांगाव्यात.

ताप, जखमेभोवती वाढती लाली, पू किंवा पाणी येणे, रक्तस्राव वाढणे, एका पोटरीला सूज व दुखणे, धाप लागणे, छातीत कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर उद्याची वाट पाहू नये. मन सतत उदास राहिले, कशातच लागेना, तर तेही डॉक्टरांना सांगण्याचे दुखणे आहे.

सहा आठवड्यांनी तपासणीस जाताना बाळाबरोबर थोरल्यालाही न्यावे आणि याला आता उचलू का, हे डॉक्टरांना त्याच्यासमक्षच विचारावे. होकार मिळाला तरी वाकून जमिनीवरून उचलू नये. त्याने स्टुलावर उभे राहावे, आईने गुडघे किंचित वाकवून त्याला छातीशी घट्ट धरावे आणि मग सरळ व्हावे. पहिले काही दिवस एका वेळी दोन-चार मिनिटेच.