परिचारिकेचे ज्ञान आणि कायद्याची मान्यता

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत परिचर्या विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षभराच्या कामाचा तपशील अहवालात अन्यत्र आला आहे. आज आम्ही एक निराळा विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत.

रात्रपाळीत अतिदक्षता विभागातील रुग्णाचा रक्तदाब घसरू लागला, की ते प्रथम परिचारिकेच्या ध्यानात येते. पुढे काय करावयाचे हेही पुष्कळदा तिला ठाऊक असते. परंतु औषध सुरू करण्यासाठी डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहावी लागते. ही शिस्त आवश्यक आहे. प्रश्न एवढाच, की या कामाचे उच्च शिक्षण घेतलेल्या परिचारिकेनेही तितकीच वाट पाहावी काय?

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात अर्धे शतक गेले. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. शिक्षण मिळाले, पण अधिकार देणारा कायदा राज्यागणिक वेगळा. त्यामुळे परिचारिकांना एकेका विधिमंडळाचे दार ठोठवावे लागले. आयडाहो राज्याने १९७१ मध्ये प्रथम मान्यता दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये दोन वर्षे देखरेखीखाली काम केल्यानंतर स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याची मुभा मिळण्यास २०२१ साल उजाडले.

तेथील डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप होता, की परिचारिकांचे प्रशिक्षण कमी काळाचे असल्याने अवघड निदान हुकेल. रुग्णाच्या जिवाशी निगडित असलेला हा आक्षेप उपेक्षणीय नव्हता. त्याला खरे उत्तर दिले ते नोंदींनी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात १,३१६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना डॉक्टरांकडे, तर काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे सोपविले होते. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात हा अभ्यास बाह्यरुग्णांपुरता होता. अतिदक्षता विभागासाठी पुरावा वेगळा गोळा करावा लागेल, हे आम्ही जाणतो.

आपल्याकडेही पाया घातला गेला आहे. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षता सेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने अशा परिचारिकांचा संवर्ग निर्माण करण्याची शिफारस केली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा संमत केला. त्यात राज्यांनी आपापले आयोग स्थापण्याची तरतूद आहे. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने आपल्या विधिमंडळावरही मोठी जबाबदारी येते.

आम्हांस डॉक्टरांची जागा नको आहे. अशा परिचारिकेची स्वतंत्र नोंदणी व्हावी, तिच्यासाठी पद असावे, कोणत्या प्रसंगी तिने काय करावे व डॉक्टरांना केव्हा बोलवावे याची लेखी मर्यादा असावी, एवढेच आमचे मागणे आहे. अधिकाराबरोबर उत्तरदायित्वही येते. चूक झाल्यास जाब द्यावा लागेल, हे आम्हांस मान्य आहे.

विश्वस्तांनी आमच्यातील एकीस या शिक्षणासाठी रजा आणि देणगीदारांनी शुल्क द्यावे, ही विनंती. आणि ज्यांनी आपल्या माणसाच्या उशाशी रात्री जागून काढल्या, त्या आप्तेष्टांनी आपला अनुभव, बरा असो वा वाईट, आपल्या आमदारांना लिहून कळवावा. आमच्या निवेदनापेक्षा आपल्या पत्राचे वजन अधिक आहे.