कडधान्यांतील रोधक द्रव्यें आणि डॉ. कमलाबाई सोहोनी

वालाचें बिरडें करावयाचें तर वाल भिजवावे, मोड आणावे, सोलावे आणि मग चांगले मऊ शिजवावे, हें मुंबई-कोंकणाकडील गृहिणीला कोणी सांगावें लागत नाहीं. कच्चा वाल पोटाला बाधतो, हें तिला अनुभवानें ठाऊक असतें. तो कां बाधतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग डॉ. कमलाबाई सोहोनी यांच्या संशोधनांत सांपडतो.

शरीरांतील बहुतेक रासायनिक घडामोडी एन्झाइम नांवाच्या द्रव्यांमुळें होतात. हीं द्रव्यें क्रियेला वेग देतात, पण स्वतः खर्ची पडत नाहींत. ट्रिप्सिन हें असेंच एक एन्झाइम. स्वादुपिंडाच्या रसाबरोबर तें आंतड्यांत येतें आणि अन्नांतील प्रथिनांची लांब सांखळी ठराविक जागीं तोडतें. एमिल फिशर या जर्मन रसायनज्ञानें १८९४ सालीं एन्झाइम व त्याचें भक्ष्य यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. तीच पुढें चालवावयाची, तर रोधक द्रव्य म्हणजे कुलपांत शिरून अडकलेली किल्ली. ती फिरत नाहीं आणि दुसरीला आंत येऊं देत नाहीं. ट्रिप्सिन असें अडकलें, म्हणजे ताटांतलें प्रथिन पोटांत जाऊनही पुरतें अंगीं लागत नाहीं. ज्या देशांत गरिबाचें प्रथिन मुख्यतः डाळीच्या वाटींतून येतें, तेथें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें भागवतांच्या घरांत झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव दोघेही रसायनज्ञ. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ सालीं मुंबईची बी. एस्सी. पदवी मिळवून त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून तो नाकारला. कमलाबाई मुकाट्यानें मागें फिरल्या नाहींत. त्यांनीं समक्ष जाऊन कारण विचारलें आणि आग्रह धरला. तेव्हां एक वर्ष कसोटीवर ठेवून पाहावें, असें ठरलें. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. वर्ष संपलें तेव्हां रामन यांचें समाधान झालें होतें. पुढें त्या संस्थेचें दार इतर मुलींनाही उघडलें. कसोटी एकीची होती, निकाल मात्र अनेकींच्या पदरीं पडला.

पुढें केंब्रिजला त्यांनीं डेरेक रिश्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याजवळ काम केलें. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या कामीं येणारें सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतें, असें त्यांना बटाट्यावरील प्रयोगांतून आढळलें. १९३९ सालीं डॉक्टरची पदवी मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. त्याच वर्षीं त्या स्वदेशीं परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथें काम केल्यावर, १९४७ मधील विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत आल्या.

तेथें विद्यार्थ्यांसह त्यांनीं भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांचा शोध मांडला. १९५४ पासून त्याचे निबंध प्रसिद्ध होऊं लागले. अशा परीक्षेची रीत सरळ, पण चिकाटीची असते. एका नळींत प्रथिन व ट्रिप्सिन घालावयाचें. दुसरींत त्यांच्या जोडीला कडधान्याचा अर्क. ठराविक वेळानें दोहोंत किती प्रथिन पचलें तें मोजलें, कीं रोधकाचा जोर कळतो. वाल, डबल बी अशा नित्याच्या कडधान्यांतील रोधक त्यांच्या विद्यार्थ्यांनीं शुद्ध रूपांत वेगळे काढले. नीरेचें पोषणमूल्य तपासण्याचें कामही याच प्रयोगशाळेंत झालें.

वनस्पतीच्या दृष्टीनें हा रोधक शत्रु नव्हे. बी खाणाऱ्या किडीचें पचन बिघडवून तो उद्यांच्या रोपाचें रक्षण करतो. माणसाला त्यावर उपाय चुलीवरच मिळतो. पाण्यांत नीट शिजविल्यानें रोधकाचा जोर बराचसा मोडतो. मात्र कांहीं रोधक उष्णतेलाही लौकर दाद देत नाहींत, म्हणून कडधान्य अर्धेंकच्चें उतरूं नये.

विज्ञानसंस्थेच्या संचालकपदावरून कमलाबाई १९६९ सालीं निवृत्त झाल्या आणि १९९८ सालीं निवर्तल्या. एके काळीं ज्यांना प्रयोगशाळेचें दार बंद होतें, त्यांनीं आयुष्य वेंचलें तें घरोघरच्या डाळीच्या वाटीसाठीं.