वैमानिकाची विश्रांती

न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर १५ जानेवारी २००९ रोजी एक प्रवासी विमान उतरविण्यात आले. पक्ष्यांचा थवा आदळून त्याची दोन्ही इंजिने निकामी झाली होती. तरीही आतील १५५ जणांचे प्राण वाचले. कप्तान चेस्ली सलनबर्गर यांचे नाव जगभर दुमदुमले. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला ते अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षीस आले आणि त्यांनी आपल्या पेशाचे गाऱ्हाणे मांडले. आपले वेतन ४० टक्क्यांनी घटले, निवृत्तिवेतनाची योजना संपुष्टात आली, आणि मुलांनी हाच पेशा पत्करावा असे वाटणारा एकही वैमानिक ओळखीत नाही, असे त्यांनी सांगितले.

ही अवस्था एका दिवसात आली नाही. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्यास आरंभ केला. स्पर्धा वाढली, भाडी उतरली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर प्रवासी रोडावले, मोठमोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा आश्रय घेतला, आणि तुटीचा भार वैमानिकांच्या वेतनावर पडला. जवळच्या पल्ल्याची बरीच उड्डाणे लहान कंपन्यांकडे गेली. तेथे नवख्यांचा पगार फारच तुटपुंजा असे.

अशाच एका कंपनीचे विमान १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोसळले आणि ५० माणसे मृत्युमुखी पडली. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांतून प्रवास करीत नेवार्कला कामावर पोहोचली होती. कप्तानाची रात्रही विमानतळावरील विश्रामकक्षातच गेली होती. चौकशीत कप्तानाची चुकीची हाताळणी हे कारण ठरले. परंतु थकव्यानेही दोघांचे काम बिघडले असावे, असे चौकशी मंडळाने नमूद केले.

त्यानंतर अमेरिकेत २०१४ पासून प्रवासी वैमानिकांना कामापूर्वी १० तासांची विश्रांती सक्तीची झाली. पुढे वैमानिकांची टंचाई भासू लागली, तेव्हा २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी वेतनात भरघोस वाढ दिली. भारतातही २०२४ च्या नियमावलीने साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. मात्र नवे नियम पुरते लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये माणसे अपुरी पडली आणि हजारो उड्डाणे रद्द झाली.

विमानतळावर ताटकळणाऱ्या प्रवाशाचा संताप साहजिकच आहे. परंतु ज्याच्या सावधपणावर शेकडो जीव विसंबून असतात, त्याची झोप ही काही चैनीची बाब नव्हे. स्वस्त तिकिटासाठी तीच कापली गेली, तर उरलेली किंमत कोणाला मोजावी लागते, हे बफेलोने दाखवून दिले आहे.