राळ आणि कामगाराचा श्वास



कामगार संघटनेचा माणूस झाडांच्या रसायनावर बोलणार म्हटल्यावर कुणाला नवल वाटले असेल. परंतु आमचे रसायनशास्त्र कॉलेजातले नव्हे. कामगारांच्या तक्रारींचा माग काढता काढता जमलेले आहे.

वरणगावात चीड उगवत नाही, पण खोक्यांच्या फळ्यांतून आणि रंगाऱ्याच्या डब्यातून तो घरोघर पोचला आहे. हिमालयात चिडाच्या खोडाला खाच पाडली की चिकट चीक पाझरतो. तो तापवला म्हणजे उडून जाणारा भाग थंड करून धरतात, ते टर्पेंटाईन. मागे उरते ती राळ. सोंगांच्या रात्री मशालीवर राळ टाकून भडका उडवीत, त्यावरूनच आपण ‘आरोपांची राळ’ म्हणतो.

झाड हा चीक आपल्यासाठी करीत नाही. जखम झाली की त्यातले टर्पेंटाईन उडते, राळ घट्ट होते आणि कीड व बुरशी यांची वाट बंद होते. देवदाराच्या गाभ्यातही असेच तेल असते. म्हणून त्याचे स्लीपर औषधात न मुरवता टिकत. भुसावळच्या शेजाऱ्यांना स्लीपर म्हणजे काय ते सांगायला नको.

परंतु किडीला रोखणारे द्रव्य माणसाला सोसेलच असे नाही. सोल्डरिंग करताना राळ तापते. तिच्या धुराने काही कामगारांना दमा जडतो. पश्चिमी लाल सीडरच्या भुशातील प्लिकॅटिक आम्लाने कॅनडातील लाकूडकामगारांना दमा झाल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. आपल्या टर्पेंटाईनमध्ये कॅरीन पुष्कळ असते; हवा लागून त्याचे जे पदार्थ बनतात, त्यांनी रंगाऱ्याच्या हाताला इसब होऊ शकते. ‘झाडाचेच आहे, त्याने काय होते?’ हे उत्तर आम्ही फार वेळा ऐकले आहे. त्याच तोंडाने खोकणाऱ्याला ‘विडी सोड’ म्हणतात.

विडी सोडावीच, पण एक खूणही पाहावी. सुटीत दम कमी आणि पाळीवर गेल्यावर पुन्हा वाढ, असे होत असेल तर डॉक्टरांना आपले काम काय ते आधी सांगा आणि तारखा लिहून ठेवा. कामातील द्रव्यांमुळे होणारा दमा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. मात्र नोंद नसेल तर यादी काय करील? आणि मालकाकडे पहिली मागणी भरपाईची नव्हे, तर धूर व भुसा जागच्या जागी खेचून घेणाऱ्या पंख्याची करावी. गेलेला श्वास भरपाईने परत येत नाही.